नव्या रेकॉर्डबद्दल मत कसे बनवावे आणि कसे नोंदवावे

रेकॉर्ड विकत आणली, लावली, वहीत ‘छान आहे’ किंवा ‘रंगली नाही’ असे लिहिले आणि ती कपाटात ठेवून दिली, तर सहा महिन्यांनी त्या नोंदीचा कोणालाच उपयोग होत नाही. त्या दोन शब्दांत चार निरनिराळ्या गोष्टी एकत्र कालवलेल्या असतात: कलावंताने काय गायले किंवा वाजवले, त्याचे ध्वनिमुद्रण कसे झाले, त्या मुद्रणाचे प्रेसिंग (साच्यातून रेकॉर्ड छापण्याचे काम) कसे निघाले, आणि आपल्या हाती आलेली ही प्रत किती जपलेली किंवा किती झिजलेली आहे. या चौघींचा हिशेब वेगळा ठेवला, तरच आपले मत गाण्याबद्दलचे आहे की सुईखालच्या धुळीबद्दलचे आहे, हे कळते. जो एकाच प्रकारचे संगीत जमवतो त्याला हे हळूहळू सवयीने साधते. परंतु ज्याच्या एकाच पिशवीतून खयालाची एलपी (मोठी, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची रेकॉर्ड), नाट्यपदांची लाखेची तबकडी (जुनी, मिनिटाला ७८ फेऱ्यांची), हिंदी चित्रपटाची ईपी (लहान, मोजक्या गाण्यांची) आणि जॅझची परदेशी रेकॉर्ड घरी येते, त्याला प्रत्येक प्रकारासाठी कान निराळा लावावा लागतो. पुढचे सर्व अशा संग्राहकासाठी लिहिले आहे.

लावण्याआधी पाहावी

मुंबईत चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर किंवा पुण्यात रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात रेकॉर्ड घाईत, ताडपत्रीच्या सावलीत पाहिलेली असते आणि तिथे बारीक चरे दिसत नाहीत. घरी आल्यावर एकाच दिव्याखाली ती तिरपी धरून सावकाश फिरवावी. वर वर दिसणाऱ्या केसाएवढ्या रेषा बहुधा ऐकू येत नाहीत. पण ज्या चऱ्यावरून नख हलकेच नेले असता ते अडते, तो चरा ऐकू येणारच, असे समजून त्याची जागा लिहून ठेवावी. खाचांचा रंगही बघावा. संथ, हळू भाग गर्द काळे दिसतात, जोरकस भाग किंचित उजळ दिसतात. मात्र लेबलाजवळचा पट्टा जर करडा आणि निस्तेज दिसत असेल, तर ती रेकॉर्ड जड किंवा झिजलेल्या सुईने पुष्कळ वेळा वाजवली गेली आहे, असे मानायला हरकत नाही. मधल्या भोकाभोवती लेबलावर उमटलेल्या बारीक रेषा हा असाच एक बोलका पुरावा आहे, कारण टर्नटेबलचा खुंट शोधताना रेकॉर्ड जितक्या वेळा इकडेतिकडे सरकली तितक्या त्या रेषा वाढतात. विक्रेता तोंडाने काहीही सांगो, लेबल खोटे बोलत नाही.

लेबलावरचे क्रमांकही वाचायला शिकावे. ग्रामोफोन कंपनीच्या दमदमच्या कारखान्यात निघालेल्या एचएमव्हीच्या अनेक एलपींवर क्रमांकाआधी ‘ईसीएलपी’ असेल तर रेकॉर्ड मोनो (दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज) आणि ‘ईसीएसडी’ असेल तर स्टिरिओ (डावा-उजवा आवाज वेगळा), एवढे ओळखता आले तरी पुढे कान कशासाठी लावायचा हे ठरते. लेबल आणि शेवटची खाच यांच्यामधल्या कोऱ्या कड्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक वहीत उतरवून घ्यावा; पुढे त्याच रेकॉर्डची दुसरी प्रत मिळाली, तर दोन्ही एकाच साच्यातून निघाल्या की वेगळ्या, हे त्यावरून समजते.

धुतल्याशिवाय पहिले ऐकणे करू नये, मग रेकॉर्ड वरून कितीही स्वच्छ दिसो. विनाइलच्या रेकॉर्डला डिस्टिल्ड पाणी, त्यात भांडी घासण्याच्या सौम्य द्रवाचा एखादा थेंब, खाचांच्या दिशेने फिरवलेला मऊ ब्रश, नंतर पुन्हा नुसते डिस्टिल्ड पाणी आणि मायक्रोफायबरचे कापड एवढे पुरते. लेबल मात्र कोरडे राहिले पाहिजे. लाखेच्या तबकडीला अल्कोहोल कधीही लावू नये, कारण लाख त्यात विरघळते आणि तबकडी कायमची जाते. कोकणातून किंवा गोव्यातून आलेल्या रेकॉर्डवर पावसाळ्यात धरलेल्या बुरशीचे पांढरे ठिपके असतात, ते एका धुण्यात निघत नाहीत, दोनतीनदा धीराने धुवावे लागते. वाळवताना रेकॉर्ड सावलीत उभी ठेवावी, कारण उन्हात विनाइल वाकते, आणि ओलसर असताना ती पिशवीत घातली तर बुरशी पुन्हा धरते.

आपल्या यंत्राबद्दलची खात्री

स्वतःच्या टर्नटेबलचा वेग तपासलेला नसेल तर कोणत्याही गायकाच्या पट्टीबद्दल काही लिहू नये. यासाठी रेषांची छापील तबकडी मिळते; वेग बरोबर असेल तर दिव्याखाली फिरताना तिच्या रेषा स्थिर दिसतात. भारतात वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे बल्बचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो आणि म्हणून ३३⅓ च्या वेगासाठी १८० रेषांचे वर्तुळ लागते. अमेरिकेतून आलेल्या तबकडीवर ६० हर्ट्झसाठी २१६ रेषा असतात, तिच्यावर विसंबल्यास इथे वेग चुकीचा लागेल. अनेक एलईडी दिवे मुळीच लुकलुकत नाहीत, तेव्हा जुना तारेचा बल्ब वापरावा.

सुईचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. एलपीची खाच अरुंद असते आणि तिला साधारण १८ मायक्रॉन टोकाची सुई चालते. ७८ च्या तबकडीची खाच रुंद असते आणि तिला सुमारे ७५ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची सुई ७८ वर लावली तर ती खाचेच्या तळाशी जाऊन बसते आणि तिथला सगळा केर ऐकवते, आणि मग ‘जुनी रेकॉर्ड फार खरखरते’ असे आपण उगाचच लिहितो. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेसारख्या कार्ट्रिजमध्ये (सुई जिला बसवतात त्या डबीत) सुईचा भाग काढून ७८ साठीचा वेगळा भाग बसवता येतो, ही सोय दोन्ही प्रकार जमवणाऱ्याने जरूर करून घ्यावी. एलपीसाठी सुईचा भार बहुतेक कार्ट्रिजना दीड ते अडीच ग्रॅमच्या दरम्यान लागतो. तो काट्यावर मोजावा, अंदाजाने ठेवू नये. चावीच्या जुन्या ग्रामोफोनवर एलपी लावण्याचा मोह तर सर्वथा टाळावा, कारण त्याची पोलादी पिन एका वाजवण्यात खाच खरवडून काढते.

खयालाची एलपी

मोठा खयाल गायलेली एलपी ही रेकॉर्ड पारखण्याची सर्वांत कठीण आणि सर्वांत समाधानाची जागा आहे, म्हणून इथे वेळ द्यावा. सुरुवात तंबोऱ्यापासून करावी. गायकाने पहिला षड्ज लावण्याआधी जो तंबोरा ऐकू येतो, तो सतत एकाच स्वरात असल्यामुळे रेकॉर्डचे मधले भोक जरा जरी बाजूला पाडले गेले असेल तरी ते लगेच उघडे पडते: तंबोरा दर १.८ सेकंदांनी किंचित चढतो आणि उतरतो. ३३⅓ च्या वेगाने रेकॉर्डच्या एका फेऱ्याला एवढाच वेळ लागतो, म्हणून हे हेलकावे त्याच ठेक्याने येतात. भरगच्च वाद्यवृंदाच्या चित्रपटगीतात हाच दोष असूनही कानाला लागत नाही. तंबोरा डोलत असेल तर तो प्रेसिंगच्या रकान्यात लिहावा, आणि गायकीच्या रकान्यात त्याचा उल्लेखही करू नये.

हाच १.८ सेकंदांचा हिशेब टिकटिकीलाही लावावा. याच अंतराने परत येणारी टिकटिक ही आपल्या प्रतीवरच्या चऱ्याची असते. बालगंधर्वांच्या किंवा अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यांवरून पुढे काढलेल्या एलपींत आणखी एक मौज ऐकायला मिळते: एखादी टिकटिक १.८ ऐवजी सुमारे ०.७७ सेकंदाने येते. तो ७८ च्या तबकडीचा एक फेरा आहे, म्हणजे तो चरा आपल्या एलपीवर नसून ज्या मूळ तबकडीवरून ती काढली तिच्यावर होता. अशा वेळी दुसरी प्रत शोधण्यात पैसे घालवू नयेत, तिच्यावरही तेच ऐकू येईल.

आता बाजूच्या शेवटाकडे यावे. एलपीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर या गतीने सरकते, तर लेबलाजवळ तीच गती २१ सेंटिमीटरच्या आसपास उतरते. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत बसवायचा असतो. खयालाची मांडणी मात्र याच्या नेमकी उलट जाते: विलंबित, शांत, मोकळा भाग बाहेरच्या प्रशस्त खाचांत येतो आणि द्रुत बंदिश, वेगवान ताना, तबल्याची घट्ट लय हे सगळे आतल्या अरुंद खाचांत येते. त्यामुळे शेवटच्या तीनचार मिनिटांत ‘स’ आणि ‘श’ फाटल्यासारखे वाटले किंवा तार षड्ज कडक झाला, तर गायकाचा आवाज थकला असा निष्कर्ष काढण्याची घाई मुळीच करू नये. आधी दुसऱ्या बाजूचा शेवट ऐकावा, मग एखादी खात्रीची, कमी वाजलेली रेकॉर्ड लावून तिचा शेवट ऐकावा. तिथेही फाटत असेल तर कार्ट्रिजची बसवणी तपासावी. तिथे स्वच्छ असेल तर ही प्रत झिजलेली आहे.

एवढे झाल्यावरच संगीत. एलपीची एक बाजू साधारण वीस-बावीस मिनिटांची असते, त्याहून फार लांबवली तर आवाजाची पातळी खाली आणावी लागते. मैफलीत तासभर फुलणारा राग या मापात बसवताना गायकाने काय ठेवले आणि काय सोडले, हा ऐकणाऱ्याच्या नोंदीतला गाभा असायला हवा. किशोरीताई आमोणकरांनी एलपीवर गायलेला भूप ऐकताना ‘प्रथम सुर साधे’ या विलंबित बंदिशीकडून ‘सहेला रे’कडे जाणारे वळण कुठे येते, त्याआधी गांधारावर किती वेळ थांबणे होते, हे घड्याळ बघून नव्हे, पण लक्ष ठेवून लिहावे. मला स्वतःला असे वाटते की अशा रेकॉर्डबद्दल ‘अप्रतिम’ हा शब्द लिहिण्यापेक्षा अशी एक जागा नेमकी नोंदवणे कितीतरी अधिक आदराचे आहे.

वाद्यसंगीतासाठी कसोटी बदलते. शिवकुमार शर्मा, ब्रिजभूषण काब्रा आणि हरिप्रसाद चौरसिया यांची १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ बाजारात सहज दिसते, आणि तिच्या प्रती पुष्कळ वाजवलेल्याही असतात. संतूरचा आघात झाल्यावर नाद विरत जातो, त्या विरण्यात पृष्ठभागाची खरखर सर्वांत आधी डोके वर काढते. बासरीचा लांब स्वर वेगातले हेलकावे दाखवतो. आणि काब्रांच्या गिटारची मींड कार्ट्रिज नीट वाचते की तुकड्यातुकड्याने वाचते, हे पाहता येते. एकाच रेकॉर्डवर इतक्या गोष्टी तपासता येतात म्हणून नव्या यंत्रावर ही एलपी लावून बघण्यासारखी आहे.

लाखेची तबकडी

दहा इंची ७८ च्या एका बाजूला सव्वातीन मिनिटांच्या आसपास वेळ मिळतो, आणि हे बंधन विसरून तिच्याबद्दल लिहिणे अन्याय्य आहे. ‘विस्तार कमी पडला’ हे वाक्य इथे बाद समजावे. सव्वातीन मिनिटांत रागाचा चेहरा, बंदिशीचे शब्द आणि दोनचार ताना यांना जागा करून देताना जुन्या गायकांनी जो आटोपशीरपणा साधला, त्याची दाद वेगळ्या निकषाने द्यावी लागते: पहिल्या दहा सेकंदांत राग उभा राहतो का, आणि शेवट वेळ संपली म्हणून होतो की समेवर येऊन होतो.

तबकडी कधीची आहे यावरही पुष्कळ अवलंबून आहे. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग १९०२ मध्ये कोलकात्याला आला तेव्हापासून सुमारे १९२५ पर्यंतचे मुद्रण मायक्रोफोनशिवाय, कर्ण्यासमोर गाऊन होत असे. त्या काळच्या रेकॉर्डवर तबला जवळजवळ ऐकू येत नाही, तंबोरा हरवतो आणि गाणारा जोर लावून गातो. हे तंत्राचे परिणाम आहेत. अगदी सुरुवातीच्या तबकड्यांच्या शेवटी गायिका गौहर जान स्वतःचे नाव सांगताना ऐकू येतात, कारण १९०८ मध्ये सियालदहला कारखाना निघेपर्यंत प्रेसिंग जर्मनीत हॅनोव्हरला होत असे आणि तिथल्या माणसांना रेकॉर्ड कोणाची हे कळायला हवे होते. वेगही तेव्हा नेमका ७८ ठरलेला नव्हता. आवाज फार पातळ वाटला तर हार्मोनियमवर षड्ज शोधावा, आणि तो दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी पडत असेल तर वेग किंचित कमी करून पुन्हा ऐकावे.

तबकडी ऐकताना अँप्लिफायरचे मोनो बटण दाबलेले असावे. ७८ ची खाच फक्त आडवी हलते, उभ्या हालचालीत नुसता गोंगाट असतो, आणि मोनो केल्यावर तो बराचसा एकमेकांना छेदून नाहीसा होतो. मोनो एलपीलाही हेच लागू आहे.

मुंबईच्या वडाळ्याला एकेकाळी निघणाऱ्या ‘यंग इंडिया’ लेबलच्या तबकड्या मिळाल्या तर त्या सोडू नयेत, इतकेच इथे सांगतो.

चित्रपट, गोवा आणि जॅझ

चित्रपटाच्या रेकॉर्डबद्दल लिहिताना पडद्यावरची आठवण बाजूला ठेवणे हे पहिले काम. चित्रपटातले एखादे कडवे रेकॉर्डवर नसते, कधी रेकॉर्डवरचे मधले संगीत चित्रपटात कापलेले असते, आणि आठवणीतल्या गाण्याशी ताडून रेकॉर्ड ‘अपुरी’ ठरवली जाते. दुसरे, कव्हरवर ‘स्टिरिओ’ असे छापलेले असले तरी ते मूळ मोनोला पुढे दिलेले कृत्रिम रूप आहे का, ते तपासावे. तशा रेकॉर्डमध्ये एका बाजूला खर्ज आणि दुसऱ्या बाजूला तीव्र स्वर पसरलेले वाटतात, आणि गाणाऱ्याचा आवाज मध्यभागी ठाम उभा राहत नाही. अशा वेळी जुनी मोनो प्रत मिळाली तर तीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि वाद्यमेळ ऐकावा. मुंबईच्या चित्रपटसंगीतातले ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि व्हायोलिनचे ताफे फार मोठ्या प्रमाणावर गोव्याच्या वादकांनी वाजवले आणि संयोजकांनी लिहिले. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबॅस्टियन डिसोझा यांनी केलेले संयोजन, सी. रामचंद्रांच्या गाण्यांतला चिक चॉकलेट यांचा ट्रम्पेट, हे एकदा वेगळे ऐकायला लागले की त्याच कानाने ख्रिस पेरी आणि लोर्ना यांची कोंकणी ईपी आणि शंकर-जयकिशन यांची १९६८ ची, रईस खाँच्या सतारीची ‘रागा जॅझ स्टाइल’ लावावी. तीन निराळ्या कप्प्यांत ठेवलेल्या रेकॉर्ड एकाच शहरातल्या एकाच वादनपरंपरेच्या निघतात. मिश्र संग्रह करण्याचे खरे सुख मला इथे दिसते, आणि म्हणून नोंदवहीत प्रकारानुसार पाने पाडण्यापेक्षा खरेदीच्या क्रमाने लिहावे असे मी सुचवतो. शेजारीशेजारी आलेल्या रेकॉर्ड एकमेकींबद्दल बोलतात.

परदेशी जॅझमध्ये ताल धरणारा कॉन्ट्राबास आणि झांजेवरचा ब्रश या दोन टोकांकडे लक्ष ठेवावे: पहिला घुमत नसावा, दुसरा वाफेसारखा फुसफुसत नसावा. माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची जुनी प्रत मिळाली, तर पहिली बाजू किंचित चढ्या स्वरात लागते. मुद्रणाच्या वेळी एक टेपयंत्र संथ चालत होते, आणि हा फरक १९९२ च्या आवृत्तीत दुरुस्त झाला; तेव्हा आपल्या टर्नटेबलला दोष देऊ नये. पाश्चात्त्य सिंफनीसाठी एवढेच की अतिशय हळू भागांत प्रत किती शांत आहे हे पाहावे, आणि खयालाप्रमाणेच तिचाही सर्वांत मोठा गजर आतल्या खाचांत येतो हे लक्षात असू द्यावे.

नव्या कोऱ्या आवृत्त्यांबाबत १८० ग्रॅम या आकड्याने भुलू नये. जड रेकॉर्ड सपाट राहायला मदत होते, पण ध्वनी मूळ टेप आणि कटिंग (खाच कोरण्याचे काम) यांवर ठरतो. जुनी आणि नवी प्रत ताडून बघताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा, नाहीतर जी मोठ्याने वाजते तीच कानाला चांगली वाटते.

नोंद

पहिल्या ऐकण्यात एक बाजू न थांबता ऐकावी आणि त्या दरम्यान काही लिहू नये. त्याआधी मोबाइलवर तेच संगीत ऐकलेले नसावे. बाजू संपल्यावर फक्त संगीताबद्दल लिहावे. दुसरे ऐकणे काही दिवसांनी करावे आणि तेव्हा मुद्रण, प्रेसिंग व प्रतीची अवस्था यांकडे लक्ष द्यावे. विशेषणाच्या जागी ठिकाण लिहावे: ‘बाजू दोन, द्रुत सुरू झाल्यावर डग्गा धूसर, शेवटच्या दोन तानांत आवाज फाटतो, तंबोरा स्थिर, मधली टिकटिक पाचसहा फेऱ्यांत विरते, मध्यमावरून परत येणे फार सुंदर, पुन्हा ऐकावे.’ एवढी नोंद असेल तर पुढे चांगली प्रत समोर आल्यावर ती कुठे सुई ठेवून तपासायची हे आधीच ठरलेले असते, आणि दुकानदाराने प्रतीची अवस्था ‘व्हेरी गुड प्लस’ दर्जाची म्हटली तरी आपला निर्णय आपल्याला घेता येतो.

नोंदीबरोबर खरेदीची तारीख, ठिकाण, किंमत, मॅट्रिक्स क्रमांक आणि वापरलेली सुई लिहावी. हेच थोडक्यात एका चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून ती चिठ्ठी बाहेरच्या कव्हरात, आतल्या पिशवीच्या मागे ठेवावी. पिशवीच्या आत, रेकॉर्डला लागून ठेवू नये, कारण कागदाची कड खाचांवर घासत राहते आणि पेनाने लिहिले असेल तर दमट हवेत शाईचा डाग विनाइलवर उतरू शकतो.